इनहेलर नुसत्या चित्रावरून येत नाही

दम्याच्या रुग्णांमध्ये एक चार चौकटींचं चित्र फिरत असतं: हलवा, तोंडात धरा, दाबा, ओढा. सोबतचा दावा असा की सगळे इनहेलर असेच घ्यायचे, एकदा चित्र पाहिलं की झालं, शिकवणी नको आणि स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ प्लास्टिकचा डबा) फक्त लहान मुलांना. चित्र कामाचं आहे, दावे मात्र चुकीचे आहेत.

'सगळे इनहेलर असेच.' नाही. दाबायच्या पंपात औषध वायूच्या जोराने बाहेर पडतं, म्हणून श्वास सावकाश, 4-5 सेकंद ओढायचा. रोटाहेलरमध्ये, म्हणजे कॅप्सूलमधली भुकटी ओढून घ्यायच्या यंत्रात, वायू नसतोच. भुकटी उडवायचं काम तुमच्या श्वासाचं, त्यामुळे तिथे तो जोरात आणि खोल हवा. चित्रात दोन्हीकडे तोच बाण दिसतो, त्यावरून वेग कळणार कसा? पंप जोरात ओढला की औषध घशावर आदळतं, रोटाहेलर हळू ओढला की भुकटी यंत्रातच राहते. शिवाय रोटाहेलरमध्ये फुंकायचं नाही, ओलाव्याने भुकटीच्या गुठळ्या होतात.

'चार पायऱ्या पुरतात.' यातल्या क्रमामुळेच घोळ होतो. 'दाबा' आधी आणि 'ओढा' नंतर पाहून माणसं आधी दाबतात, मग ओढतात, तोवर फवारा जिभेवर नि टाळूवर बसलेला असतो. योग्य क्रम असा: श्वास पूर्ण सोडा, पंप तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा, हळूच ओढायला लागा आणि लगेच दाबा. ओढणं थांबवू नका, मग 10 सेकंद श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने. आरशासमोर घेऊन पाहा: तोंडाच्या कडेने किंवा नाकातून धूर निघताना दिसला, तर तेवढं औषध फुप्फुसात गेलंच नाही. चार चौकटींपेक्षा हा आरसा जास्त शिकवतो. स्टिरॉइडचा इनहेलर असेल तर शेवटी चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरू शकते. ही पायरी त्या चित्रात नाहीच.

'स्पेसर मुलांचा.' ओढणं आणि दाबणं ज्याला एकत्र जमत नाही, त्या प्रत्येकाचा. एका वेळी एकच पफ. साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

'एकदा पाहिलं की कायमचं येतं.' काही आठवड्यांतच हात पुन्हा चुकीच्या सवयीवर जातो, म्हणून प्रत्येक भेटीत तपासणी हवी. डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी "समजलं का?" विचारलं तर उत्तर "हो"च येणार. "घेऊन दाखवा" म्हणावं. मोबाईलवर त्याचं चित्रण करून रुग्णाला तिथेच दाखवावं, चुकलेली पायरी चित्रावर पेनाने गोल करून द्यावी. ते चित्र मराठीत आणि त्याच्या हातातल्याच यंत्राचं असावं. रोटाहेलरवाल्याला पंपाचं चित्र दिलं, तर तो रोटाहेलरही हळूच ओढेल.