अमृतांजन गेला का?

आमच्या घरच्या ग्रुपवर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकवरून, म्हणजे घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्यावरून, जुंपलीय. भाच्याचा हिशेब साधा: खोपोली ते कुसगाव १३ किलोमीटर, घाट टळतो, अंतर ६ किलोमीटरनं कमी, वीस-पंचवीस मिनिटं वाचतात, मग गळे कसले काढता? मी एवढंच लिहिलं की त्यातला जवळपास ९ किलोमीटरचा बिनखुणांचा बोगदा घाटापेक्षा लांब वाटेल. लगेच उत्तर आलं, "मामा, तू तिकडे कॅनडात, रिजायनात बसून घाटाची काळजी नको करूस."

का नको? खुणा नसलेला रस्ता कसा असतो ते मला विचारा ना. रिजायना ते सास्काटून साधारण २६० किलोमीटर. लम्सडेनची दरी ओलांडली की पुढं वळण म्हणून नाही. पूर्वी गावागावात धान्य साठवायची उंच लाकडी एलेव्हेटर होती, एक मागं पडेपर्यंत पुढचं दिसायचं म्हणे. आता बहुतेक पाडली. मी वाटेतल्या डेव्हिडसन गावच्या २४ फुटी कॉफीपॉटच्या पुतळ्यावर भागवतो. तो आला की निम्मं झालं. एकदा जानेवारीत भुरभुर बर्फात तोही दिसला नाही, तर बायकोनं तीनदा विचारलं, "आपण चुकलो का?" सरळ रस्त्यावर!

तुमच्याकडे मात्र खुणांची चैन आहे, म्हणून किंमत नाही. खालापूरचा टोल, आडोशीचा बोगदा, मग अमृतांजन पूल. लहानपणी कानाला दडे बसलेले असायचे आणि आई म्हणायची, अमृतांजन गेला, आता आलंच पुणं. खरं तर अजून साठेक किलोमीटर असायचे.

१९८० मध्ये सडाला, बरोज आणि स्टेप्लिन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, की साध्या जागेपासून ठळक खुणेपर्यंतचं अंतर लोकांना कमी वाटतं आणि तेच खुणेपासून उलटं मोजलं की जास्त. भाच्याला हे पाठवलं. त्यानं अंगठा दाखवला.

पण एक गोष्ट ग्रुपवर लिहिलेली नाही. गेल्या दिवाळीत मुंबईहून टॅक्सीनं येत होतो. घाट चढताना डोळे ताणून बसलो होतो. शेवटी विचारलं, "अमृतांजन गेला का?"

ड्रायव्हर हसला. "तो तर लॉकडाऊनमध्येच उडवला, काका. आता लोणावळासुद्धा मागं पडलं." मग आरशातून बघत म्हणाला, "तुम्ही मूळचे कुठले?"

"पुण्याचा," मी म्हटलं. जरा जोरातच.