सही मुलाची, दाढ कुणाची?

आईची खालची दाढ पंधरा दिवस ठणकतेय. लवंगेचं तेल झालं, एका बाजूने चावणं झालं, सोमवारी गाल सुजला. परळच्या एका दवाखान्यात वेळ घेतली. टॅक्सीला हात करणार, तर ही म्हणते, "थांब गं, दादाला पुण्याहून येऊ दे. साठीच्या पुढे मुलाची सही लागते, नाहीतर डॉक्टर हात लावत नाहीत." कुणी सांगितलं? मोबाइल पुढे केला. चाळीतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवरचा मेसेज, वर लाल दिवे, खाली 'जनहितार्थ'.

'६० वर्षांवरील रुग्णाचा दात काढण्यास मुलाची लेखी संमती कायद्याने बंधनकारक.' कुठला कायदा ते लिहिलेलं नाही, कारण तसा कायदाच नाही. अठरा पूर्ण झालेल्या, शुद्धीवर असलेल्या, सांगितलेलं समजणाऱ्या माणसाने आपली संमती आपणच द्यायची. त्याला वरची वयोमर्यादा नाही. आणि 'मुलाची' म्हणजे काय? पंधरा दिवस मऊ भात मी शिजवतेय, माझी सही चालणार नाही? (नाहीच चालत म्हणा, पण ज्या कारणाने दादाची चालत नाही त्याच कारणाने.)

सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल आहे, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. ४४ वर्षांची बाई तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी (पोटात छोट्या छेदातून दुर्बीण घालून बघणं) भूल देऊन टेबलावर. बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. न्यायालय म्हणालं, जिवावरचा प्रसंग नव्हता, पेशंट सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती. तिला विचारायला हवं होतं. आईची संमती ग्राह्य नाही. वर २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. तिथे बाई पूर्ण बेशुद्ध होती, तरी आईची सही चालली नाही. इथे माझ्या आईचा फक्त जबडा बधिर होणार. डोकं टक्क जागं असेल, आणि भूल द्यायच्या आधी ती पैसे किती ते दोनदा विचारून घेईल.

मेसेजमधला पुढचा मुद्दा: 'खुर्चीत बसलात की सगळ्याला होकार.' अर्धं खरं आहे. तोंड उघडलंत म्हणजे तपासायला होकार. दात काढायला नाही. त्यासाठी काय करणार, दुसरा उपाय कोणता, धोका काय, नाही केलं तर काय होईल, हे आधी सांगावं लागतं. तेही याच निकालात आहे. लाखात एखाद्याला होणारं सगळं वाचून दाखवायची सक्ती मात्र न्यायालयाने केलेली नाही, हेही मान्य करते. मागच्या वेळी एका दवाखान्यात आईसमोर इंग्रजी कागद ठेवून 'इथे सही करा आजी' म्हणाले होते. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सही केली. एक अक्षर कळलं नव्हतं. मेसेज लिहायचाच होता तर त्यावर लिहायचा.

'एकदा सही केली की तक्रार करता येत नाही.' खोटं. सही उपचाराला असते, निष्काळजीपणाला नाही.

'इंजेक्शननंतर नकार देता येत नाही.' येतो. हात वर करा. अर्धवट सोडलं तर काय होईल ते डॉक्टर सांगतील, ते ऐका, मग ठरवा.

'विसरभोळ्या रुग्णाला विचारण्याची गरज नाही.' याचा मला सगळ्यात राग आला. आई काल काय जेवली ते विसरते. पण दाढ काढली की परत येत नाही, हे तिला पक्कं कळतं. प्रश्न एवढाच असतो: या उपचाराबद्दल सांगितलेलं समजतं का, ठरवेपर्यंत लक्षात राहतं का, फायदातोटा तोलून उत्तर देता येतं का. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसालाही एखाद्या दिवशी, एखाद्या साध्या गोष्टीपुरतं हे जमू शकतं.

सोबत कुणी असावं, हे खरंच. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे आई सांगायची विसरेल, मी नाही विसरणार.

आता उद्या सकाळची वेळ मिळालीय. डॉक्टरांनी फोनवर दोन्ही पर्याय सांगितले. मी म्हणतेय रूट कॅनाल कर, पैसे मी देते. दादाही तेच म्हणाला. आई म्हणते, "चार चार खेपा कोण घालणार? काढूनच टाकायची." मला अजून पटलेलं नाही. कागद मराठीत मागितलाय, आणि चष्मा तिने आत्ताच पर्समध्ये टाकलाय.