जुनी मर्सिडीज बिघडतच नव्हती, हे खरं नाही

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर आला. वर चंदेरी रंगाच्या जुन्या मर्सिडीजचा फोटो आणि खाली साधारण असं लिहिलेलं: "पूर्वीच्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू बोनेट न उघडता पाच-पाच लाख किलोमीटर धावायच्या. एक तर ४६ लाख किलोमीटर चालली. त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक्सची भानगड नव्हती. पत्रा असा की ठोकली तरी काही होत नसे. आताच्या महागड्या गाड्या वॉरंटी संपली की बंद पडाव्यात अशाच बनवतात. साठ लाख घालवण्यापेक्षा जुनी घ्या आणि आयुष्यभर वापरा."

दोन दिवसांत हाच मजकूर मला आणखी तीन ठिकाणांहून आला. मग आतेभावाचा फोन आला. "दादा, पुण्यात एक १९९६ची ई २२० विकायला आहे. बघून येऊ का?"

म्हणून हे सविस्तर लिहितोय. जुन्या गाड्यांवर माझा जीव आहे. रविवारची सकाळ गॅरेजमध्ये घालवायला मला आजही आवडतं. पण ज्या गाड्यांवर प्रेम आहे त्यांच्याबद्दल खोटं पसरलं, तर शेवटी त्या खोट्यावर विश्वास ठेवून पैसे मोजणारा माणूसच फसतो.

आधी ते ४६ लाख किलोमीटर. ती गाडी खरी आहे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाची १९७६ची मर्सिडीज २४० डी. २००४मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाकडे गेली तेव्हा तिचं रनिंग ४६ लाखांच्या घरात होतं. मजकुरात जे सांगितलेलं नाही ते असं, की या प्रवासात इंजिन एकच राहिलं नव्हतं. ते उतरवायचं, दुसरं चढवायचं, उतरवलेल्याचं काम करून ठेवायचं, असं अनेकदा झालं. अमेरिकेतल्या एका शिक्षकाची १९६६ची व्होल्व्हो पी १८०० याहून पुढे गेली. २०१३मध्ये तिनं ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. तिचं इंजिन पहिल्यांदा ६ लाख ८० हजार मैलांवर खोललं गेलं, हे खरोखर थक्क करणारं आहे. पण तो माणूस तेल बदलण्यात कधीही चालढकल करत नसे आणि त्याचं बहुतेक रनिंग हायवेवरचं होतं. टॅक्सीचंही तसंच, इंजिन दिवसभर गरम, थंड असताना सुरू करून दोन किलोमीटरवर बंद करायची वेळ क्वचितच. या दोन्ही गाड्या बोनेट न उघडता चालल्या नाहीत. सतत बोनेट उघडल्यामुळे चालल्या.

शिवाय एका गाडीवरून सगळ्यांचं अनुमान कसं काढणार? डब्ल्यू १२३ नावानं ओळखली जाणारी मर्सिडीज १९७६ ते १९८६च्या दरम्यान जवळपास २७ लाख बनली. आज रस्त्यावर दिसणारी एखादी ही त्या २७ लाखांतली निवडक गाडी आहे, जिच्या मालकानं वेळोवेळी पैसा ओतला आणि जिच्या नशिबी चांगला मिस्त्री होता. बाकीच्यांचा फोटो ग्रुपवर येत नाही, कारण त्या केव्हाच भंगारात गेल्या.

"बोनेट न उघडता" या शब्दांचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. हे लिहिणाऱ्यानं त्या काळातली गाडी सांभाळलेली नाही, किंवा तो विसरला आहे. पेट्रोल गाडीचे पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे, कार्बोरेटर खोलून जेट फुंकायचे, टॅपेट सेट करायचे, जागोजागी ग्रीस भरायचं. मर्सिडीजच्या त्या नावाजलेल्या डिझेल इंजिनांनाही साधारण दर २४ हजार किलोमीटरला टॅपेटचं काम लागायचंच. आज कित्येक गाड्यांचे प्लग लाखभर किलोमीटर बघावेही लागत नाहीत.

एक्स्प्रेसवे होण्याआधीचा बोरघाट ज्यांना आठवतो, त्यांना मे महिन्यातली ती रांग आठवेल. कडेला बोनेट उघडून उभ्या गाड्या, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं, हातात पाण्याचा कॅन घेतलेले वडील आणि सावलीत चादर टाकून बसलेलं कुटुंब. आमच्या डिकीत फॅन बेल्ट, प्लगचा पाना आणि पाच लिटर पाणी कायम असायचं. गंमत म्हणजे याला कुणी "गाडी बिघडली" म्हणत नसे. घाटात गाडी गरम होणारच, थांबायचं, चहा घ्यायचा आणि निघायचं. बिघाड म्हणजे टोचन लावून न्यावी लागली तर. आठवणीत जुनी गाडी इतकी भरवशाची वाटते त्याचं मोठं कारण हे आहे, की तेव्हा आपण निम्मे बिघाड बिघाडात धरतच नव्हतो.

आज उलटं झालंय. जे. डी. पॉवर ही अमेरिकी संस्था दरवर्षी तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना तक्रारी विचारते आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी ते छापते. २०२४मध्ये हा आकडा १९० होता, २०२५मध्ये २०२. हे आकडे "बघा, गाड्या बिघडत चालल्या" म्हणून फिरवले जातात. पण या मोजणीत इंजिन बंद पडणं ही एक तक्रार आणि फोन गाडीच्या स्क्रीनला न जोडला जाणं हीसुद्धा एकच तक्रार. सर्वांत जास्त तक्रारी स्क्रीन आणि तिच्याशी जोडलेल्या गोष्टींच्याच आहेत. त्या खऱ्या आहेत, साठ लाखांच्या गाडीत त्या असू नयेत हेही मान्य. पण त्यांच्यामुळे कुणी घाटात अडकत नाही.

आता इलेक्ट्रॉनिक्स. "जुन्या मर्सिडीजमध्ये इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं" हे विधान कोणत्या सालाबद्दल आहे? बॉशनं बनवलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९७८ला आलं. एअरबॅग १९८१ला आली. १९८४च्या शेवटी आलेल्या डब्ल्यू १२४च्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत इंधन इलेक्ट्रॉनिक नियंत्रणानं जायचं. ही तीच गाडी, जी १९९५पासून पिंपरीला टेल्कोच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली आणि जिचा फोटो त्या मजकुरावर आहे. आतेभावानं हेरलेली ई २२०ही हीच.

आणि तिचा सगळ्यांत कुप्रसिद्ध दोष कुठला? विजेचाच! १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात मर्सिडीजनं इंजिनच्या वायरिंगवर असं आवरण वापरलं, जे उष्णतेनं काही वर्षांतच कडक होऊन भुगा व्हायचं. आतली तांब्याची तार उघडी पडली की इंजिन मिस करायचं, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलची मोटर बिघडायची, कधी कंट्रोल युनिटच जळायचं. अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, बदलल्याशिवाय उपाय नाही. त्याच सुमारास बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ इंजिनांत सिलिंडरच्या आतला निकासिलचा थर पेट्रोलमधल्या गंधकानं खराब व्हायचा आणि त्यापायी पूर्ण इंजिन ब्लॉक बदलावे लागले. हा त्या "सोनेरी" काळाचाच इतिहास आहे.

त्यानंतरची काही वर्षं जर्मन गाड्यांसाठी खरोखर वाईट होती, हे मी लपवणार नाही. १९९५ला आलेली ई-क्लास, डब्ल्यू २१०, गंजासाठी बदनाम झाली. तिच्या पुढच्या पिढीत पेडलचा इशारा विजेच्या तारेतून नेणारी ब्रेकयंत्रणा आणली, तिच्यापायी २००४मध्ये ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या आणि पुढे ती यंत्रणाच सोडून दिली. माझा अंदाज असा आहे की "आताच्या" महागड्या गाड्यांबद्दलची बरीचशी दहशत याच गाड्यांची आहे. त्या आज वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या. म्हणजे त्या आता जुन्यांतच जमा होतात.

इलेक्ट्रॉनिक्सनंच गाड्या नासवल्या असत्या, तर टोयोटाची महागडी लेक्सस सगळ्यांत आधी रडली असती. तिच्यात सेन्सर कमी नाहीत, वर बऱ्याच मॉडेलांत हायब्रिडची बॅटरी आणि मोटरही आहे. तरी वर सांगितलेल्या त्याच पाहणीत २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं ती पहिली आली. फरक तंत्रज्ञान असण्या-नसण्याचा नाही. ते किती तपासून आणि किती सबुरीनं गाडीत घातलं, याचा आहे.

पत्र्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षासंस्थेनं २००९मध्ये १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू समोरासमोर धडकवली. मालिबूत चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर त्याच्या पायाला दुखापत झाली असती, बेल एअरचा चालक वाचला नसता. पुढचा भाग चुरगळावा आणि माणसांचा कप्पा शाबूत राहावा ही कल्पना मर्सिडीजच्याच बेला बारेनी या अभियंत्याची, ती १९५९च्या गाडीत आली. ठोकल्यावर गाडीला काही होत नसेल तर तो धक्का आत बसलेल्याला बसतो. आणि गंज? मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत जुनी गाडी ठेवणाऱ्याला विचारा, दर काही वर्षांनी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे किती पैसे जायचे.

राहिला "वॉरंटी संपली की बंद" हा मुद्दा. जर्मनी आणि अमेरिकेत या गाड्यांचा मोठा वाटा लीजवर जातो. तीन वर्षांनी गाडी परत येते आणि ती पुढे काय भावानं विकली जाईल याचा धोका बहुतेक वेळा कंपनीच्याच वित्तसंस्थेवर असतो. चौथ्या वर्षी मरणारी गाडी बनवणं म्हणजे स्वतःच्याच खिशाला भोक पाडणं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय २००२मध्ये ९.६ वर्षं होतं, २०२४मध्ये ते १२.६ झालं. यात सगळ्या प्रकारच्या गाड्या आल्या आणि नव्यांच्या वाढत्या किमतीमुळेही लोक जुनी लवकर सोडत नाहीत. पण टिकतच नसती तर ठेवली तरी चालली नसती. तिथल्या बहुतेक गाड्यांच्या मीटरला एके काळी पाचच आकडे असायचे. लाख मैल झाले की पुन्हा शून्य, कारण तिथवर जाणं हीच मोठी गोष्ट समजली जायची.

तरीही या मजकुरात लोकांना काहीतरी पटतं, आणि जे पटतं ते मला खोटं वाटत नाही. बीएमडब्ल्यूचं एन ४७ डिझेल इंजिन घ्या, जे आपल्याकडच्या ३२० डी, ५२० डीमध्येही होतं. त्याची टायमिंग चेन झिजण्याच्या तक्रारी होत्या आणि ती चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, इंजिनच्या मागे. म्हणजे काही शे ग्रॅमच्या साखळीसाठी इंजिन उतरवायचं. कूलिंगचे प्लास्टिकचे जोड आठ-दहा वर्षांच्या उष्णतेनं ठिसूळ होतात. बीएस-६ डिझेल गाडी रोज चार किलोमीटर शाळा-बाजार फिरवली तर धुराचा फिल्टर भरणारच, आणि शोरूममध्ये हे सहसा कुणी सांगत नाही. बीएमडब्ल्यूनं गिअरबॉक्सचं तेल "आयुष्यभरासाठी" म्हणून सांगितलं, पण ते गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदला म्हणते. इथे मी झेडएफचं ऐकेन.

पण नीट बघा, या बहुतेक तक्रारी किती वेळा बिघडते याच्या नाहीत. बिघडल्यावर काय होतं, याच्या आहेत. जुनी गाडी वारंवार बिघडायची, पण कोपऱ्यावरचा मिस्त्री पान्या-पक्कडीनं ती तासाभरात चालू करून द्यायचा, आणि काय केलं ते दाखवायचा. नवी क्वचित बिघडते, पण बिघडली की स्कॅनर लागतो, कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, नवं युनिट त्या गाडीला "शिकवावं" लागतं, आणि पाच रुपयांच्या सीलसाठी अख्खी असेंब्ली घ्या म्हणतात. एकदा मीही एका छोट्या सेन्सरपायी तीन आठवडे गाडीशिवाय काढलेत. गाडी त्याआधीच्या सहा वर्षांत एकदाही रस्त्यात थांबली नव्हती. तरी आठवण राहिली ती त्या तीन आठवड्यांचीच.

हा राग योग्य आहे, तो फक्त चुकीच्या पत्त्यावर जातोय. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती, साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुली मिळू देत नाहीत, हा ठपका होता. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली. त्या १४ जणांत मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू होत्या, तशी अँबेसिडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्सही होती. म्हणजे हा प्रश्न केवळ नव्या, महागड्या गाड्यांचा नाही. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. ग्रुपवर काही फिरवायचंच असेल तर हे फिरवा. आपल्या गाडीचं दुरुस्ती पुस्तक, भागांची किंमत आणि स्कॅनरची माहिती कंपनीकडे मागा. लेखी मागा.

आतेभावाला मी "घेऊ नको" म्हटलं नाही. डब्ल्यू १२४ चालवण्याचं सुख मला माहीत आहे. फक्त ती रोजची भरवशाची गाडी म्हणून घेऊ नको, आवड म्हणून घे, आणि गाडीच्या किमतीइतकाच पैसा बाजूला ठेव, असं सांगितलं. बघायला जाशील तेव्हा बोनेट उघड, थ्रॉटलजवळचं वायरिंगचं वरचं काळं वेष्टन जरासं मागे सार आणि आतली एक वायर अलगद वाकव. जर्मनीहून आलेल्या किटांवरच पुण्याच्या गाड्या जुळवल्या जात, त्यामुळे हे तपासणं आलंच. आवरण लवचीक असेल तर किमतीचं बोलणं सुरू कर. बोटांना भुगा लागला, तर आधी हार्नेसचा भाव काढ.