दुखणं अंगावर काढण्याची रीत

दुखलं की गोळी घ्यायची, इतका उथळ विचार करू नका. आधी कुणाचं दुखतंय ते बघा. औषध त्यावर ठरतं.

घरातल्या कर्त्या पुरुषाचं डोकं धरलं असेल तर टीव्ही बारीक करा, चहा टाका, गोळी पाण्याच्या ग्लासासकट हातात द्या. त्यांना उद्या ऑफिस आहे.

सुनेचं पाळीत पोट दुखत असेल तर मात्र गोळीची सवय लागते. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन कळ सुरू होताच घेतलं तर चांगलं लागू पडतं, कारण गर्भाशय आवळणारी प्रोस्टाग्लँडिन्स त्याने कमी होतात, असं डॉक्टर सांगतील. सांगू देत. तुम्ही कळ पुरती चढू द्या, डबे भरून होऊ द्या, मग गोळी बोटांनी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवा. उरलेली अर्धी स्ट्रिपमध्ये परत खोचा. तासाभराने ‘बघ, गोळ्यांनी काही होत नाही’ म्हणायला तुम्ही मोकळे.

बाळंतपणात पाठीतलं इंजेक्शन मागणाऱ्या मुलीला जन्माची कंबरदुखी लागेल अशी भीती घाला. तसं काही सिद्ध झालेलं नाही, पण भीतीला पुरावा कशाला? कळा सोसल्याशिवाय आई होता येत नाही. बाप होता येतं. व्हिक्टोरिया राणीने 1853 साली आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला होता म्हणे. पण तिची सासू तेव्हा हयात नव्हती.

गुडघ्यांच्या बाबतीत मात्र हात सढळ ठेवा. मेडिकलवाल्याकडे ‘ती दुखण्याची द्या’ एवढंच म्हणायचं, चिठ्ठीबिठ्ठी काढायची नाही. डायक्लोफिनॅक हे त्यातलंच एक दुखणं थांबवणारं औषध. ते दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या, ती पटापट मेली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आजोबा गिधाड नाहीत. महिनोन्महिने चालू द्या. जळजळ झाली तर तिचीही गोळी मिळते.

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या काकांना डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं, तर तेवढं कपाटात कुलूपबंद करा. व्यसन लागलं तर पुढे त्यांचं कसं होणार? मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, मॉर्फिन तिच्यापासूनच बनतं. तरी 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने ते दुखणाऱ्या माणसापर्यंत पोचणं महामुश्कील करून ठेवलं. 2014 मध्ये दुरुस्ती करून सरकारने वाट जरा मोकळी केली. हरकत नाही. सरकारने सोडलेली अडवणूक नातेवाइकांना चालवता येते, त्याला परवाना लागत नाही.

आणि भेटायला येणाऱ्यांना सांगा, ‘काका फार सोशीक हो आमचे, एकदा म्हणून गोळी मागितली नाही.’ काका आत जागे असतील तर जरा हळू बोला. ते रात्रभर गोळीच मागत होते.