डेव्हिड्स म्हणे कुठंच टिकला नाही!

"इतके क्लब बदलणारा कसला खेळाडू? पैसा दिसला की निघाला." परवा रामबागेत पोहे खाताना आमच्या ग्रुपमधल्या एका तरुण भियानं एडगर डेव्हिड्स ह्या डच फुटबॉलपटूचा असा निकाल लावून टाकला. तेव्हा तोंडात जिलबी होती, म्हणून आता इथं लिहितोय. होळकर क्रिकेट स्टेडियमच्या इंदूरमध्ये फुटबॉलवरून भांडायला कुणी मिळतं हेच अप्रूप, पण म्हणून काहीही ऐकून घ्यायचं का?

आयाक्स, मिलान, युव्हेंटस, बार्सिलोना, इंटर, टॉटनहॅम, पुन्हा आयाक्स, क्रिस्टल पॅलेस, बार्नेट. बारा गावचं पाणी प्यायलेला गडी, मान्य. मिलानमध्ये जमलं नाही, १९९७च्या डिसेंबरात युव्हेंटसनं उचलला आणि तिथं तीन लीग जिंकला. तोंडाळ होताच. युरो ९६ला नेदरलँड्सचा प्रशिक्षक हिडिंकनं त्याला स्पर्धेतूनच घरी धाडलं. दोन वर्षांनी त्याच हिडिंकनं वर्ल्ड कपला नेलं, आणि युगोस्लाव्हियाविरुद्ध अगदी शेवटी लांबून गोल ठोकून मॅच काढली ती ह्यानंच!

पण माझा मुद्दा बार्साचा, म्हणजे बार्सिलोनाचा आहे. जानेवारी २००४. रोनाल्डिन्होसारखा स्टार असूनही गाडी रुतलेली. प्रशिक्षक रायकार्डनं डेव्हिड्सला अर्ध्या सीझनपुरता उसना आणला. हा करायचा काय? समोरच्यानं बॉल घेतला की दुसरा टच व्हायच्या आत ह्याचा पाय तिथं. डोळ्यांवर ग्लॉकोमामुळे, म्हणजे काचबिंदूमुळे आलेला तो गॉगल, उडणाऱ्या जटा, कंबरेत वाकलेला. बॉल काढला की जवळच्याला देऊन मोकळा. नक्षीकाम शून्य. मिडफिल्डर झावीची मागची धावपळ वाचली, तो पुढं खेळायला लागला. बार्सा दुसऱ्या नंबरावर संपली. करंडक नाही, म्हणून कुणाच्या लक्षात नाही. उन्हाळ्यात हा इंटरला गेला. पुढच्या दोन्ही लीग बार्सानं जिंकल्या, २००६ला चॅम्पियन्स लीगही. स्वयंपाक ह्यानं केला, जेवले दुसरेच.

बार्नेटचं मात्र मलाही पटलं नाही. इंग्लंडच्या चौथ्या डिव्हिजनचा क्लब, हा खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही. २०१३ला क्लब त्याही खाली घसरला, तर पुढच्या सीझनला पठ्ठ्या एक नंबरची, म्हणजे गोलकीपरची जर्सी घालून मिडफिल्डमध्ये! वर लाल कार्डं वेगळीच. त्यावरून खुशाल शिव्या घाला.

पण भिया, पैशाचं बोलायचं तर आधी २००४च्या त्या मॅचेस यूट्यूबवर बघ, मग कॉमेंट कर.