‘पोरांनाच शिकायचं नाही’: एका फॉरवर्डला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या प्राध्यापकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: सरकारी विद्यापीठांतली पोरं पदवीपर्यंत पोहोचत नाहीत याला तीच जबाबदार. निम्मी शिष्यवृत्तीपुरता प्रवेश घेतात, उरलेली मोबाईलमध्ये बुडालेली. कच्च्यांना हात देणं म्हणजे दर्जा घालवणं. निकाल सुधारायचा तर प्रवेशालाच चाळणी लावा. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही.

मोबाईलचं आधी उरकून घेतो. तो पुण्यातल्या पोरांच्या हातातही असतो आणि स्टाफरूममध्ये बसलेल्या आम्हा मास्तरांच्याही. गळती मात्र सगळीकडे सारखी नाही.

आता शिष्यवृत्ती. ज्याने हे लिहिलं त्याने महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज कधी भरलेला दिसत नाही. नंदुरबारमधल्या धडगावकडच्या एखाद्या पावरा आदिवासी मुलीचा अर्ज घ्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, सगळं गोळा करायला सेतू केंद्राच्या चकरा. अर्ज गेला की तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला थांबतो, मग प्राचार्यांच्या, मग तळोद्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात. मंजूर झाला तरी खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे येत नाहीत, आणि जोडलेलं असेल ते भलतंच जुनं खातं असेल तर ‘पैसे पडले’ असा मेसेज येऊनही हातात काही नसतं. तोवर परीक्षा फॉर्मची तारीख येते. खिडकीवरचा माणूस म्हणतो, आधी मागची बाकी भरा. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्यांकडून अशी फी आधी मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत; खिडकीवर ते कोण दाखवणार? मग विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क, मग वडिलांचा फोन की राहू दे. हजार-दीड हजारासाठी सेमिस्टर जातं आणि आमच्या रजिस्टरला शेरा लागतो ‘गैरहजर’.

नेमकी हीच गाठ अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाने सोडवली. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात थोडीशी फी थकली म्हणून दर सत्रात मुलांची नावं कापली जात. २०११ पासून विद्यापीठ स्वतःच अशी मुलं हेरून त्यांच्या खात्यात तेवढी रक्कम भरू लागलं. अर्ज नाही, चकरा नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींवर संगणकाने नजर ठेवायला सुरुवात केली. एखाद्या पायाभूत विषयात मार्क घसरले की समुपदेशक लगेच बोलावतो. सहा वर्षांत पदवी पूर्ण करणारे २००३ मध्ये ३२ टक्के होते, २०१४ पर्यंत ५४ झाले. त्या काळात गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांचा वाटा कमी झाला नाही, वाढला. चाळणीवाल्यांनी एवढं तरी वाचावं.

काही पोरं नुसतं नाव लावतात, हे मात्र खरं आहे. पोलीस भरतीची तयारी करायची, होस्टेल मिळवायचं, म्हणून बी.ए.ला नाव. पण तुकडी टिकावी, वर्कलोड (आमच्या वाट्याचे तास) जाऊ नये म्हणून जूनमध्ये गावोगाव फिरून ती नावं आणतं कोण? आम्हीच. त्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही.

‘कच्च्यांना मदत म्हणजे दर्जा बुडवणं’ हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे. घरात पावरी किंवा अहिराणी बोली, दहावीपर्यंत मराठी माध्यमाची आश्रमशाळा, आणि पुढे थेट इंग्रजीतलं रसायनशास्त्र. हा मुलगा कच्चा आहे की त्याला पायरीच दिली नाही? न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘असॅप’ नावाची योजना सुरू केली. पूर्णवेळ शिकण्याची अट, ठरलेल्या समुपदेशकाची वारंवार भेट, शिकवणी, पुस्तकं, उरलेली फी माफ आणि शहरातल्या बस-मेट्रोचा पास. तिची चाचणी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून झाली, आणि त्यात घेतलेले विद्यार्थी गरीब घरांतले व भाषा-गणितात कच्चेच होते. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांच्या आत मिळवणारे योजनेतल्या गटात ४० टक्के, बाहेरच्या गटात २२. परीक्षा सोपी केलेली नव्हती. खर्च माणशी बराच वाढला, पण एका पदवीधरामागचा खर्च कमीच पडला.

त्यातला बसचा पास मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे एसटीच्या विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. पण पास असून उपयोग काय, जर पहिला तास साडेसातला आणि गावातून निघणारी पहिली गाडी आठची? वेळापत्रक एसटीला विचारून लावायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी लागत नाही.

हजेरीचंही तसंच. आमची हिवाळी परीक्षा आणि कापसाची वेचणी एकाच सुमाराला येतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला अख्खी कुटुंबं गुजरातेत जातात. ‘सर, कापूस येचाले जानं शे’ असं सांगून गेलेला मुलगा आळशी नसतो. त्या दिवसाची मजुरी हीच त्याची परीक्षा फी असते.

राहिली चाळणी. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ६९ टक्के लोक आदिवासी आहेत आणि साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. १९९० च्या आधी इथल्या कॉलेजांना पुणे विद्यापीठ होतं. जळगावला वेगळं विद्यापीठ झालं ते याच भागासाठी. त्याच्याच दारात चाळणी लावून कोणाला बाहेर ठेवणार? शिवाय आपला निकाल परीक्षेला बसलेल्यांवर काढतात, प्रवेश घेतलेल्यांवर नाही. शंभरांतली चाळीस पोरं फॉर्मच न भरता गेली आणि उरलेल्या साठांतली पंचेचाळीस पास झाली, की निकाल ७५ टक्के. बोर्डावर हाच आकडा लागतो. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी पदवी किती जणांनी घेतली हा आकडा लावा म्हटलं तर ४५ च्याही खाली जाईल, कारण पुढची दोन वर्षं अजून बाकीच आहेत.

पहिल्या सेमिस्टरचा फॉर्म भरला आणि दुसऱ्याचा भरला नाही, अशांची पीआरएनवार (कायम नोंदणी क्रमांकानुसार) यादी परीक्षा विभागाच्या संगणकातून अर्ध्या दिवसात निघते. मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्राध्यापकांनी आपापल्या विभागाची तेवढी यादी काढावी आणि त्यातल्या पहिल्या दहा जणांना फोन लावून विचारावं.