ज्वारी आधी उचलली, हे बरोबरच झालं

जय ख्रिस्त, दादा.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखटही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचेच शब्द थोडक्यात देते. "संकटात येशू केंद्रस्थानी" या माझ्या लेखावर तुम्ही म्हणता: "सप्टेंबरात सिंदफणा नदीचं पाणी घरात शिरलं तवा माझ्या आईनं आधी ज्वारीचं पोतं उचलून शेजारच्या स्लॅबच्या घरात नेलं. बायबल पेटीत राहिलं अन् भिजलं. तुमच्या हिशोबानं तिचं चुकलंच म्हणायचं. असलं लिहायला पोट भरलेलं लागतं. सोयाबीन गेलं, वावर खरडून गेलं, आईबाप पुन्हा कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला गेले. त्यांना 'येशूकडं बघा' म्हणणं म्हणजे मुकादमाकडं (टोळीच्या ठेकेदाराकडं) अन् सरकारकडं बघू नका म्हणणंच झालं." पुढं दोन टोले आणखी आहेत. मी चंगाई सभांवर, म्हणजे आजार बरे करायच्या प्रार्थनासभांवर, घसरले, पण आमच्या बायांना आधार तिथंच मिळतो, हा एक. आणि दुसरा, "येशूला कागदावर केंद्रस्थानी ठेवला की सवलत जाते, यावर एक ओळ लिहून दाखवा." (सवलत म्हणजे अनुसूचित जातीची.)

आधी आईंचं. त्यांचं काही चुकलं नाही. भिजलेलं बायबल वाळतं. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका मावशीनं पाणी ओसरल्यावर बाजेवर गोधडी टाकून त्यावर बायबल उघडं ठेवलं होतं. पानं फुगून पुस्तक दुप्पट जाड झालेलं, स्तोत्रसंहितेची पानं एकमेकांना चिकटलेली. ती एकेक पान सुईच्या टोकानं सोडवत बसली होती. शेजारीच ताडपत्रीवर सोयाबीनचा ढीग होता, शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आलेले, कुजका आंबूस वास सुटलेला. त्या ढिगाचं काहीच होणार नव्हतं. भिजल्या ज्वारीचंही हेच झालं असतं. हे आईंना कळलं आणि त्यांनी पोतं उचललं. यात विश्वासाची परीक्षा कुठून आली? माझ्या लेखात तरी ती नव्हती.

आता "पोट भरलेलं लागतं" याबद्दल. हे वाक्य मला आवडलं, कारण बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नेमकी पोट भरलेली माणसंच आहेत. ती आदल्या दिवशी उपाशी होती. येशूनं त्यांना उपाशीपोटी उपदेश पाजून घरी पाठवलं नाही. भाकरी कुठून आणायच्या, हा प्रश्न त्यानंच काढला. त्याचा शिष्य फिलिप्प खर्चाचा हिशोब करत बसला (प्रत्येक मंडळीच्या कमिटीत एक फिलिप्प असतोच), आणि एका पोराजवळच्या पाच भाकरी न् दोन मासळ्यांवर पाच हजार पुरुष जेवले. भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाघरच्या. उरलेले तुकडेही त्यानं गोळा करायला लावले. तेव्हा भाकरीला कमी लेखणारा ख्रिस्ती धर्म कोणी सांगत असेल तर तो या अध्यायातला नाही.

पण पुढं वाचा. जेवलेले लोक त्याला धरून राजा करायला निघाले आणि तो एकटाच डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी शोधत आले तेव्हा त्यानं तोंडावर सांगितलं की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. मग तो स्वतःविषयी बोलायला लागला, मीच जीवनाची भाकर आहे म्हणाला, आणि माणसं गळायला लागली. शेवटी त्यानं आपल्या बारा शिष्यांना विचारलं, तुम्हीही जाऊ पाहता का? त्यांच्यातल्या पेत्राचं उत्तर मला फार खरं वाटतं: प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार? सगळं समजलंय असं तो म्हणत नाही. जायला दुसरी जागाच नाही, हे तो आधी म्हणतो.

माझं म्हणणं इथं आहे, दादा. संकट आलं की आपल्या लोकांचा देवावरचा विश्वास सहसा उडत नाही. उलट त्या दिवसांत प्रार्थनासभेला गर्दी वाढते. होतं असं की येशूच्या जागेवर हळूच त्याच्याकडून हवं असलेलं काहीतरी येऊन बसतं. पाऊस थांबू दे, कर्ज फिटू दे, पोराला नोकरी लागू दे. हे मागण्यात काही गैर नाही. रोजची भाकर माग, हे त्यानंच शिकवलंय. पण मागणं संपलं की ओळखही संपते, असं झालं तर आपण देवाचा मुकादम केला. त्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, मग उपवास, दशांश, साक्ष यांनी ती फेडत बसायची, आणि फिटली नाही की फड सोडून पळायचं. तुमच्या आईबापांना हा व्यवहार मी समजावायला नको. निदान येशूशी तरी तो नसावा, इतकंच माझं मागणं.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांना "दुष्काळात धान्यासाठी बाटले" म्हणून टोमणे बसलेत. तुम्हीही ऐकले असतील. काही जण धान्यासाठी आले असतील, त्यात लाज कसली. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. निजामाचं राज्य, दिवाण सालारजंगांनी दिलेली जमीन, आणि गावकुसाबाहेरची माणसं तिथं घर-शेत करून राहिली. प्रार्थना आणि पोटापाण्याची सोय या दोन गोष्टी मराठवाड्याच्या मंडळीत पहिल्यापासून एकत्र आहेत, योहानाच्या सहाव्या अध्यायासारख्याच. मला कुतूहल वाटतं ते धान्य संपल्यावरही जे राहिले त्यांचं.

मुकादमाकडं बघू नका, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. येशूकडं बघणाऱ्याला मुकादम जास्त स्पष्ट दिसायला हवा. मंदिरात सराफांचे चौरंग उलथणारा, विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांना नावं ठेवणारा माणूस आहे तो. आमच्या महिला मंडळानं पुरानंतर दोन गोष्टी एकाच बैठकीत केल्या: स्तोत्र वाचलं आणि पंचनाम्यात कोणाकोणाची नावं सुटली याची यादी केली. यादी घेऊन बाया तलाठ्याकडं गेल्या. कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजारांत बियाणं-खतही सुटत नाही, हे तिथं मोठ्यानं म्हणताना कोणाचा विश्वास आड आला नाही. एक रुपयातला पीकविमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला, त्यावरही बोलल्या. परत येऊन पुन्हा प्रार्थनेला बसल्या. हे एकमेकांविरुद्ध आहे असं तुम्हाला पुण्यात बसून वाटतं. आमच्या गल्लीत तसं वाटत नाही. (हा चिमटा तुमच्या "पोट भरलेलं"ला. फिट्टंफाट.)

चंगाई सभांविषयी मात्र मी एक शब्दही मागं घेणार नाही. तिथं जाणाऱ्या बायांना मी काही बोललेच नव्हते. प्रश्न होता स्टेजवरच्या माणसाला, जो "तुझा विश्वास कमी पडला" म्हणून आजाराचं ओझं परत आजाऱ्याच्याच डोक्यावर ठेवतो.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण आठवा. 2019 साली शासनाच्या समितीनं 82 हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अंगावरून जातं म्हणून खाडा पडतो, खाडा पडला की दंड, म्हणून दवाखाना; आणि दवाखान्यात पिशवीच काढून टाका हा सल्ला. आता मार्काचा पाचवा अध्याय उघडा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. तिनं पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसले, जवळचं होतं नव्हतं ते खर्च केलं, गुण काहीच आला नाही, उलट दुखणं वाढलं. हे वचन आमच्या बैठकीत वाचलं तेव्हा एक बाई म्हणाली, "ही तर आपल्याच तांड्यातली दिसती."

त्या बाईला येशू नको होता, गुण हवा होता. गर्दीतून मागून यायचं, वस्त्राला हात लावायचा आणि गुपचूप निघून जायचं, एवढाच तिचा बेत. आणि गुण आलासुद्धा! गोष्ट तिथंच संपायला हरकत नव्हती. पण तो थांबला. ज्याच्या घरी तो निघाला होता त्या याइराची पोरगी मरणाला टेकलेली, शिष्य वैतागलेले, एवढी गर्दी चेंगरतेय आणि हा विचारतोय, मला कोणी शिवलं. ती थरथरत पुढं आली आणि तिनं सगळं खरं खरं सांगितलं. बारा वर्षांचं सांगायला वेळ लागला असेल. त्यानं ऐकून घेतलं आणि तिला "मुली" म्हटलं. चंगाई सभेत माईकवर साक्ष दोन मिनिटांत उरकायची असते, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांना माईक मिळतच नाही. आधार तिथंच मिळतो म्हणता ना? मिळत असेल. पण ज्या बाईची पिशवी गेली, कंबर गेली आणि सभेला चार वेळा जाऊनही दुखणं राहिलं, तिला "मुली" म्हणून बसवून घ्यायला कोण आहे, हे मी विचारत होते. मंडळी म्हणून ते काम आपलं आहे आणि ते आपण पुरेसं करत नाही. त्या सभा त्या रिकाम्या जागेतच भरतात, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

आणि मागितलेलं मिळालंच नाही तर? तेव्हाही विश्वास मोजायची गरज नाही. मरणाआधी गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूनं दुःखाचा प्याला दूर कर म्हणून मागितलं. तीनदा मागितलं. दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा तेच जास्त पापी होते का, या प्रश्नालाही त्यानं सरळ नाही म्हटलं. 1993 च्या 30 सप्टेंबरला किल्लारी हललं, तेव्हाही "कोणाच्या पापानं" याचं उत्तर खिशात घेऊन फिरणारे होते. आताच्या पुरातही आहेत. येशूकडं बघण्याचा एक फायदा असा की असल्या माणसांचं ऐकायची गरज उरत नाही.

आता जातीचा दाखला आणि सवलत. हा प्रश्न तुम्ही टोमणा म्हणून टाकलात, पण मला तुमच्या प्रतिक्रियेत सर्वांत खरा हाच वाटला. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात आधी जवळजवळ फक्त हिंदू होते, 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. जात मात्र बाप्तिस्म्यानं पुसली जात नाही. विहिरीवरही नाही आणि सोयरीक जमवतानाही नाही. त्यामुळं कागदावर एक आणि रविवारी एक असं जगणारी घरं आपल्याकडं आहेत, आणि उपासनेत फोटो काढू नका म्हणून हात जोडणारी पोरंही. तो कायदा अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्या पोरांना उभं करून "येशू की सवलत?" असं विचारायचा अधिकार मला नाही. बायबलातला निकदेम येशूकडं रात्रीच आला होता. अरिमथाईचा योसेफ यहुद्यांच्या भीतीनं लपून शिष्य होता, आणि मोठमोठ्या आवाजात शपथा घेणारे पळाल्यावर रोमी सुभेदार पिलाताकडं येशूचा देह मागायला तोच गेला. लपण्याचं मी समर्थन करत नाही. लपून जगणाऱ्याला आतून काय कुरतडतं हे मी जवळून पाहिलंय. एवढंच म्हणते की कोणाचा येशू कुठं बसलाय हे दाखल्यावरून ठरवायला आपण तहसीलदार नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय, "प्रार्थना करते असं उत्तर देऊ नका." प्रार्थना मी करणारच, त्याला तुमची परवानगी लागत नाही. बाकीचं सांगते. आई-वडील कोणत्या कारखान्यावर आहेत ते कळवा. पश्चिम महाराष्ट्रात आमच्या ओळखीची मंडळी आहे. कोप्यांवर (तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर) रविवारी रात्री दोन-चार घरं मिळून भजनाला बसतात, त्यांना निरोप देते. आणि अतिवृष्टीचे पैसे जमा झालेत का ते बघा. आईंचा फार्मर आयडी निघाला नसेल तर ई-केवायसी लागेल. तलाठ्याकडच्या यादीतून विशिष्ट क्रमांक घ्यायचा आणि आधार घेऊन सेवा केंद्रात जायचं. ऊस तोडून तोडून बोटं घासलेली असतात, अंगठा मशीनवर उमटत नाही आणि पोरगं "उद्या या" म्हणतं. उद्या येऊ नका म्हणावं. डोळ्यांच्या मशीनवर किंवा मोबाईलवरच्या ओटीपीवर होतं का, ते तिथंच विचारा. नंबर आधारला जोडलेला आहे ना, ते मात्र आधी तपासून घ्या.